वर्षभराच्या प्रवचनांची आखणी : उज्जैनच्या सिंहस्थाच्या निमित्ताने

प्रवचनाची पूर्वतयारी असावी, हे तत्त्वतः कोणी नाकारीत नाही. तथापि शनिवारची सायंप्रार्थना आटोपल्यावर उद्याचे शुभवर्तमान कोणते, हे प्रथमच उघडून पाहणारे आपल्यामध्ये थोडे नाहीत. अशा प्रवचनकाराची एक खूण श्रद्धावंतांच्या चांगली परिचयाची असते. वाचन कोणतेही असो, तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला तो आपल्या आवडीच्या आठ-दहा विषयांपैकी एकावर येऊन पोहोचतो. कष्ट कमी होतात खरे. परंतु त्या धर्मग्रामात वाढणाऱ्या मुलाच्या वाट्याला पवित्र शास्त्र येत नाही, धर्मगुरूंच्या आवडीनिवडी येतात. म्हणून आखणीचा प्रश्न सोयीचा नसून न्यायाचा आहे, असे आम्हांस वाटते.

आखणीचे पहिले साधन आपल्या हाती आयतेच आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 4 डिसेंबर 1963 रोजी उपासनाविषयक संविधान प्रसृत केले. गंभीर कारणावाचून रविवारचे प्रवचन गाळू नये आणि ठरावीक वर्षांच्या अवधीत पवित्र शास्त्राचा महत्त्वाचा भाग लोकांच्या कानी पडावा, अशी त्याची आज्ञा आहे. त्याला अनुसरून 1969 साली रविवारच्या वाचनांचा तीन वर्षांचा क्रम तयार झाला. 'अ' वर्षी मत्तय, 'ब' वर्षी मार्क, 'क' वर्षी लूक, आणि योहान मुख्यतः उपवासकाळात व पुनरुत्थानकाळात. मार्कचे शुभवर्तमान आटोपशीर असल्यामुळे 'ब' वर्षी सामान्य काळाच्या सतराव्या ते एकविसाव्या रविवारी योहानाचा सहावा अध्याय येतो. 1992 साली अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांनी मिळून जो सामायिक क्रम सिद्ध केला, तो थोड्याफार फरकाने हाच असल्याने पुढील विवेचन पाळकबंधूंसही उपयोगी पडावे.

चालू वर्ष कोणते, हे ओळखण्यास पंचांगाची गरज नाही. इसवी सनाला तिनाने निःशेष भाग गेला तर 'क' वर्ष. बाकी एक उरली तर 'अ', दोन उरली तर 'ब'. उपासना वर्ष आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी सुरू होत असल्यामुळे त्यापुढील नाताळ येणाऱ्या सनात धरावयाचा, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे झाले.

आता या हिशेबाचा उज्जैनशी काय संबंध, असे कोणी विचारील. गुरू सिंह राशीत असताना उज्जैनचा सिंहस्थ साधारणतः बारा वर्षांनी भरतो. तो 1980, 1992, 2004 व 2016 साली झाला आणि यापुढचा 2028 साली व्हावयाचा आहे. या प्रत्येक सनाला तिनाने भाग जातो. बारा वर्षांचे आवर्तन आणि तीन वर्षांचे आवर्तन यांची सांगड अशी बसली आहे की, क्षिप्रेच्या काठी सिंहस्थ भरतो तेव्हा आपल्या वेदीवर 'क' वर्षाचाच ग्रंथ उघडलेला असतो. शिवाय उज्जैनचा सिंहस्थ चैत्र-वैशाखात येतो, म्हणजे बव्हंशी आपल्या पुनरुत्थानकाळात. आणि 'क' वर्षाच्या पुनरुत्थानकाळात रविवारचे दुसरे वाचन प्रकटीकरणातून असते.

ती वाचने एकदा ओळीने वाचून पाहावीत. चौथ्या रविवारी सातवा अध्याय येतो: कोणाला मोजता येणार नाही असा सर्व राष्ट्रांचा समुदाय, धुऊन शुभ्र केलेले झगे, आणि जीवनाच्या पाण्याच्या झऱ्यांकडे नेणारा कोकरा. पुढे एकविसावा अध्याय, मंदिर नसलेली नवी नगरी. सरतेशेवटी बाविसावा अध्याय, तहानेल्याने यावे आणि जीवनाचे पाणी फुकट घ्यावे हे आमंत्रण. 2028 साली पुनरुत्थानाचा सण 16 एप्रिलला आहे. त्या हिशेबाने चौथा रविवार 7 मे रोजी, म्हणजे वैशाख पौर्णिमेच्या अगदी तोंडावर येतो. ज्या शहरात त्या दिवशी लाखो माणसे स्नानासाठी उतरलेली असतील, तेथील छोट्या मंडळीपुढे हा उतारा वाचला जाईल. प्रवचनकाराने तो शनिवारी रात्री प्रथम पाहिला तर काय होईल, याची कल्पना करवत नाही. एका धर्मगुरूच्या सेवाकाळात असे प्रसंग फार तर तीन-चार.

मात्र येथे एक सावधगिरी हवी. या उताऱ्यांचा उपयोग शेजाऱ्याच्या स्नानाची टवाळी करण्यासाठी होता कामा नये. ज्या घरचा एखादा तरुण यात्रेकरूंच्या व्यवस्थेत राबतो आहे, ज्याचे दुकान त्या महिन्यावर चालते, त्याला अशा प्रवचनातून केवळ संकोच मिळेल. शुद्ध होण्याची ओढ माणसाला किती दूर चालावयास लावते, हे समोर दिसत असताना आपण स्वतः कशासाठी चालतो, हा प्रश्न मंडळीला घालणे अधिक उचित. दृष्टान्तही जवळच आहे. क्षिप्रा उन्हाळ्यात आटू लागल्याने 2014 पासून नर्मदेचे पाणी वर चढवून इंदूरजवळ तिच्या उगमापाशी सोडण्यात येते. स्वतःचे पाणी पुरत नाही म्हणून दुसऱ्या नदीचे पाणी घेऊन वाहणारी नदी! योहानाचा चौथा अध्याय समजावताना याहून चांगले उदाहरण उज्जैनच्या प्रवचनकाराने परक्या पुस्तकांत शोधू नये.

(नाशिकच्या वाचकांसाठी जाता जाता: गोदावरीकाठच्या मागील सिंहस्थाची मुख्य स्नाने 2015 साली झाली, ते 'ब' वर्ष होते, 2027 हेही 'ब' वर्षच. तेथील श्रावण-भाद्रपदाच्या सुमारास जीवनाच्या भाकरीचा सहावा अध्याय येतो. त्याचा विचार त्यांनी करावा.)

महाराष्ट्रातून उज्जैनला सेवेसाठी गेलेल्यांनी आणखी एक गोष्ट आधी समजून घ्यावी. तेथील कॅथॉलिक धर्मप्रांत सिरो-मलबार विधीचा आहे. 1968 साली त्याची स्वतंत्र स्थापना झाली व 1977 साली त्याला पूर्ण धर्मप्रांताचा दर्जा मिळाला. त्या विधीचे उपासना वर्ष मंगलवार्ता काळाने सुरू होते आणि देन्हा, महाउपवास, पुनरुत्थान, प्रेषित अशा काळांतून जाऊन चर्च-प्रतिष्ठेच्या काळाने संपते. वाचनांचा क्रमही निराळा आहे. तेव्हा ज्या मंडळीत आपण उभे राहणार, तिच्या पंचांगावरूनच आखणी करावी. घरून नेलेली टिपणवही तेथे जशीच्या तशी चालणार नाही. प्रकटीकरणाची वरील वाचने त्या रविवारी वेदीवर आली नाहीत, तरी सायंकाळच्या बायबलवर्गात ती घेण्यास कोणाची आडकाठी नसावी.

पंचांगाच्या शेजारी दुसरा रकाना लोकांच्या वर्षाचा ठेवावा. माळव्यात सोयाबीनची काढणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते, गव्हाची मार्च-एप्रिलात. तेव्हा खेड्यांतील बायबलवर्ग ओस पडतात, त्यात श्रद्धेचा अभाव शोधू नये. परीक्षांचे दिवस तसेच. महाकालाच्या नगरीत महाशिवरात्रीपूर्वी नऊ दिवस उत्सव असतो, आणि बहुतेक वर्षी राखेचा बुधवार त्याच्या आगेमागे येतो. शेजारीपाजारी उपवास चालू असताना मत्तयाच्या सहाव्या अध्यायातील उपवासाची शिकवण ऐकणाऱ्याच्या कानाला वेगळी लागते.

धर्मशिक्षकांपुढील अडचण भाषेची आहे. शिंद्यांच्या अमदानीपासून उज्जैनात मराठी घरे आहेत. परंतु तेथील मुले शाळेत हिंदीत शिकतात. लिपी एकच असल्यामुळे मूल मराठी बायबल घडाघडा वाचते व आपणांस वाटते की त्याला समजले. प्रत्यक्षात 'येशूची शिक्षा' म्हणजे हिंदीत येशूची शिकवण, मराठीत मात्र दंड. हिंदीत 'संसार' म्हणजे जग. मराठी आजीच्या लेखी संसार म्हणजे घरप्रपंच. 'चेष्टा' हिंदीत प्रयत्न, मराठीत थट्टा. 'राग' हा शब्द मराठी मुलाला क्रोध सांगतो, हिंदीत तो आसक्ती किंवा गाण्याचा राग. अशा शब्दांची यादी प्रत्येक धर्मशिक्षकाने स्वतःच्या वर्गात ऐकून करावी. छापील यादीपेक्षा ती उपयोगी पडते, कारण मूल नेमके कोठे अडखळले हे तिच्यात असते.

पुस्तके थोडी असली तरी चालतील. एकच उतारा दोन मराठी भाषांतरांत शेजारीशेजारी वाचणे, उदाहरणार्थ पंडिता रमाबाईंचे भाषांतर व फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल', ही तयारी पुष्कळदा टीकाग्रंथांचे काम करते. जेथे दोघांचे शब्द वेगळे पडतात, तेथेच बहुधा प्रवचन दडलेले असते. बाबा पदमनजींनी नव्या करारावर मराठीत टीका लिहिली. तिची भाषा आज जड वाटेल, पण मूळ वाक्याशी झटण्याची त्यांची सवय घेण्याजोगी आहे. रेव्ह. ना. वा. टिळकांनी कीर्तनाची पद्धत ख्रिस्ती उपासनेसाठी वापरली. मराठी कान त्या रचनेला अजून ओळखतात. लांबीविषयी पोप फ्रान्सिस यांनी 2024 साली सांगितलेली आठ मिनिटांची मर्यादा अनेकांना जाचक वाटते. आमच्या मते ती तयारी करणाऱ्यालाच पाळता येते. बिनतयारीचे प्रवचन नेहमी लांबते.

प्रत्यक्ष वही साधी असावी. प्रत्येक रविवारसाठी एक पान; वर तारीख व वाचने, खाली त्या आठवड्यातील लोकांचे काम किंवा सण, आणि उरलेले पान कोरे. सोमवारी पुढील रविवारचे पान उघडावे, आठवडाभर जे कानी पडेल ते त्यावर टिपावे, आणि प्रवचन झाल्यावर काय सांगितले ते दोन ओळींत लिहावे. तीन वर्षांनी तोच उतारा येईल तेव्हा त्या दोन ओळी पुढे असतील. ही वही धर्मगुरूंच्या पेटीत न ठेवता धर्मग्रामाच्या कपाटात ठेवावी, कारण 7 मे 2028 चे पान आज जो लिहील, त्याची त्यापूर्वी बदली झालेली असण्याचाच संभव अधिक.