गुडघ्याचे ऑपरेशन नोकरीत, कंबरदुखी निवृत्तीनंतर. अपंगत्व पेन्शन वाढते का?

वाशी (जि. धाराशिव) : समजा, तालुक्यातील एका हवालदाराचा गुडघा ड्युटीवर दुखावला. लष्करी रुग्णालयात ऑपरेशन झाले आणि 30 टक्के अपंगत्व पेन्शन लागू झाली. निवृत्तीनंतर काही वर्षे लंगडत चालल्याने आता कंबरही जायबंदी झाली. औषधांचा खर्च वाढला, शेतात उभे राहणे अवघड झाले. पेन्शन मात्र 30 टक्क्यांचीच. हा दुसरा आजार हिशेबात धरला जातो का?

मूळ नियम काय?
अपंगत्व सैन्यसेवेमुळे आलेले किंवा सेवेमुळे वाढलेले असावे आणि मेडिकल बोर्डाने ते किमान 20 टक्के ठरवलेले असावे, या दोन मुख्य अटी आहेत. 100 टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या 30 टक्के रक्कम मिळते. त्याखाली त्याच प्रमाणात. म्हणजे 40 हजार पगारावर 100 टक्क्यांना 12 हजार, 30 टक्क्यांना 3,600 रुपये.

30 चे 50 कसे होतात?
सैन्यातून आजारपणामुळे बाहेर पडलेल्यांसाठी टक्केवारी 50, 75 किंवा 100 पर्यंत वर नेण्याची तरतूद होती. नोकरी पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही हा लाभ द्यावा, असे सर्वोच्च न्यायालयाने राम अवतार प्रकरणात डिसेंबर 2014 मध्ये स्पष्ट केले. त्यामुळे वरील उदाहरणात 3,600 ऐवजी 6 हजार रुपये होतात.

दुसऱ्या आजाराचे काय?
अमेरिकेत सेवेतील दुखापतीमुळे पुढे उद्भवलेल्या आजारासाठी वेगळी तरतूद आहे. आपल्याकडे सारा भर मेडिकल बोर्डाच्या मतावर असतो. कंबरेचा त्रास गुडघ्यामुळेच झाला, वयामुळे नव्हे, हा धागा कागदावर दिसावा लागतो. दोन आजार मान्य झाले तरी टक्क्यांची सरळ बेरीज होईलच असे नाही. बोर्ड एकत्रित टक्केवारी ठरवते.

टक्केवारी पुन्हा तपासता येते का?
हो. कायमस्वरूपी अपंगत्वाची टक्केवारी अंतिम मानली जाते; पण स्वतः माजी सैनिकाने मागणी केल्यास फेरतपासणी होऊ शकते, असे संरक्षण मंत्रालयाच्या 7 फेब्रुवारी 2001 च्या पत्रात नमूद आहे. अर्ज आपल्या रेकॉर्ड ऑफिसकडे करायचा.

कोणते कागद हवेत?
• निवृत्तीवेळच्या मेडिकल बोर्डाची प्रत (एएफएमएसएफ-16)
• ऑपरेशनच्या नोंदी, डिस्चार्ज कार्ड
• निवृत्तीनंतरच्या उपचारांचे तारीखवार कागद
• दोन्ही आजारांचा संबंध सांगणारे तज्ज्ञ डॉक्टरांचे लेखी मत

जुने कागद हाती नसतील तर रेकॉर्ड ऑफिसकडे माहिती अधिकारात मागता येतात. अर्ज लिहिण्यासाठी धाराशिवच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची मदत घेता येते.

दावा फेटाळला तर?
आधी पहिले अपील, मग दुसरे. पहिल्या अपिलासाठी साधारण 6 महिन्यांची मुदत असते. तिथेही नकार आला तर अंतिम आदेशापासून 6 महिन्यांत सशस्त्र सेना न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे जाता येते. तिथे वकिलाशिवाय स्वतः बाजू मांडण्याचीही मुभा आहे.

न्यायालयात 2013 चा धरमवीर सिंह निकाल उपयोगी पडतो. भरतीवेळी आजाराची नोंद नसेल तर जवान तेव्हा तंदुरुस्त होता असे धरावे, आणि आजार सेवेमुळे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची, असे त्यात म्हटले आहे.

नवे नियम कोणाला?
21 सप्टेंबर 2023 पासूनचे नियम त्या तारखेपासून सेवेबाहेर पडलेल्यांना लागू आहेत. त्याआधी निवृत्त झालेल्यांचे दावे जुन्या नियमांनुसारच तपासले जातात. नकाराच्या पत्रात कोणत्या नियमाचा आधार घेतला आहे, हे म्हणूनच आधी पाहावे. आणि पत्र हाती पडल्याची तारीख त्याच दिवशी पाकिटावर लिहून ठेवावी. मुदतीचा हिशेब तिथूनच सुरू होतो.