प्रथिन-लिगंड संग्रह : रचना, आसक्ती आणि त्यांची जुळणी

औषधी संयुग शरीरात कार्य करते ते बहुधा एखाद्या प्रथिनाशी संलग्न होऊनच. अशा रीतीने संलग्न होणाऱ्या लहान रेणूस लिगंड म्हणतात. या संलग्नतेविषयी दोन प्रश्न उद्भवतात. लिगंड प्रथिनाच्या कोणत्या स्थानी व कोणत्या स्थितीत बसतो, हा पहिला. आणि तेथे तो किती घट्ट धरला जातो, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर मुख्यतः क्ष-किरण स्फटिकविज्ञानातून मिळते, तर दुसऱ्याचे द्रावणातील मापनातून. ही उत्तरे भिन्न प्रयोगांतून आणि पुष्कळदा भिन्न प्रयोगशाळांतून येतात. ती एकत्र आणणे हे प्रथिन-लिगंड संग्रहांचे कार्य होय. तथापि, ही जुळणी कशी झाली आहे हे न पाहता संग्रहातील आकड्यांवर विसंबणे इष्ट नव्हे.

रचनांचा मूळ संग्रह म्हणजे प्रोटीन डेटा बँक. १९७१ साली अमेरिकेतील ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेत अवघ्या ७ रचनांनिशी त्याचा आरंभ झाला; २०२३ साली ही संख्या दोन लाखांच्या पुढे गेली. प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधांतील आसक्तीची मापने एकत्र करण्याचे काम बाइंडिंगडीबी हा संग्रह करतो. रचना व आसक्ती यांची सांगड घालणारा पीडीबीबाइंड हा संग्रह मिशिगन विद्यापीठात तयार होऊन २००४ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या २०२० च्या आवृत्तीत १९,४४३ प्रथिन-लिगंड संकुले आहेत.

अशा एका संकुलाचे उदाहरण महाराष्ट्राशी संबंधित आहे. पुढे पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्राचे संचालक झालेले शेखर मांडे यांनी विम होल व अन्य सहकाऱ्यांसमवेत मानवी ट्रायोज फॉस्फेट आयसोमरेज या एन्झाइमची रचना निश्चित करून १९९४ साली ती प्रसिद्ध केली. ग्लुकोजच्या विघटनातील एक टप्पा हे एन्झाइम घडवून आणते. स्फटिकात त्याच्याशी २-फॉस्फोग्लायकोलेट हे संयुग संलग्न होते. विक्रियेच्या संक्रमणावस्थेशी त्याचे साम्य असल्यामुळे ते एन्झाइमच्या क्रियाशील स्थानी बसते. या एन्झाइमच्या आनुवंशिक दोषांचा उलगडा करणे आणि निद्रारोगाच्या परजीवीतील तत्सम एन्झाइमशी तुलना करणे, असे या कार्याचे दुहेरी प्रयोजन होते. परजीवीचे एन्झाइम रोखावयाचे व रोग्याचे अबाधित राखावयाचे, तर दोहोंतील भेद ज्ञात असणे अगत्याचे असते.

या रचनेचे विभेदन २.८ अँगस्ट्रॉम होते. पीडीबीबाइंडच्या निवडक संचात मात्र विभेदन २.५ अँगस्ट्रॉम वा त्याहून सूक्ष्म असावे लागते. म्हणजे वरील दोन प्रयोजनांसाठी उपयुक्त ठरलेली ही रचना आसक्ती वर्तविणाऱ्या सूत्रांच्या कसोटीस या निकषाने अपात्र ठरते. यात विसंगती काही नाही. रचनेची योग्यता तिला कोणता प्रश्न विचारला जातो त्यावर ठरते.

आसक्तीच्या आकड्यांनाही हेच लागू आहे. वियोजन स्थिरांक जितका लहान तितके बंधन घट्ट. २५ अंश सेल्सिअसला तो दहापट घटला, तर बंधनाची मुक्त ऊर्जा सुमारे १.४ किलोकॅलरी प्रति मोलने अधिक अनुकूल होते. परंतु एन्झाइमची क्रिया निम्म्यावर आणणारी निरोधकाची संहती ही निराळी राशी होय. चेंग व प्रुसॉफ यांनी १९७३ साली दाखविल्याप्रमाणे, स्पर्धात्मक निरोधकाच्या बाबतीत ती क्रियाधाराच्या संहतीवरही अवलंबून असते. क्रियाधाराची संहती मायकेलिस स्थिरांकाइतकी असल्यास ही राशी निरोध स्थिरांकाच्या दुप्पट भरते; नऊपट असल्यास दहापट. निरोधक तोच, एन्झाइमही तेच. आकडा मात्र पाचपटींनी वेगळा. म्हणूनच निवडक संचात या राशीला स्थान दिलेले नाही.

संगणकाला आसक्ती वर्तविण्याचे शिक्षण या संग्रहांवरूनच दिले जात असल्याने प्रश्न अधिक गंभीर होतो. शिक्षणासाठी वापरलेली संकुले व परीक्षेसाठी राखलेली संकुले परस्परांशी अतिसदृश असतील, तर यंत्राला बंधनाचे भौतिक नियम कळले की केवळ जुनी उदाहरणे स्मरली, हे सांगता येत नाही. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्रथिन व लिगंड यांच्यामधील आंतरक्रिया वगळून केवळ लिगंडाची वा केवळ प्रथिनाची माहिती दिली असताही भाकिते जवळजवळ तितकीच चांगली ठरली. ज्या परीक्षेत प्रश्नाचा मुख्य भाग वगळूनही गुण मिळतात, ती परीक्षाच सदोष मानली पाहिजे. अशा भाकितांवर भिस्त ठेवून नवे संयुग संश्लेषित केल्यास प्रयोगशाळेचे श्रम व द्रव्य व्यर्थ जाण्याचा संभव आहे.

प्रोटीन डेटा बँक आणि बाइंडिंगडीबी विनामूल्य उपलब्ध असल्याने कागल तालुक्यातील मुरगूडसारख्या गावी अभ्यास करणारा विद्यार्थी व केंब्रिजमधील संशोधक यांच्यासमोर एकच सामग्री असते. महागडे क्ष-किरण उपकरण नसले तरी चिकित्सेस अडसर नाही. प्रत्येक नोंदीचे विभेदन, राशीचा प्रकार, मापनाचे तापमान व सामू ही मूळ शोधनिबंधाशी ताडून पाहावीत. परीक्षेच्या संचातून शिक्षणसंचाशी साम्य असलेली प्रथिने व लिगंड वेगळे काढावेत. एवढ्याने भाकिताची अचूकता बहुधा उणी दिसेल. परंतु नव्या संयुगाविषयी निर्णय घेताना त्या उण्या आकड्यावरच भरवसा ठेवता येईल.