जनुक बदलून धावपटू? आधी रक्त तपासा!

वस्त्यांमध्ये आरोग्याच्या बैठका घेताना आम्हाला अलीकडे एक नवा प्रश्न विचारला जातो. पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं मोबाइलवरचा व्हिडिओ दाखवतात आणि म्हणतात, "ताई, जीन बदलून दम वाढवता येतो म्हणे, खरं का?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्यामागे खरं विज्ञान आहे, आणि त्याच विज्ञानाचं नाव घेऊन कुणी आपल्या लेकरांना फसवूही शकतं. म्हणून दोन्ही गोष्टी नीट समजून घेऊ.

जनुक काय करतं?

आपल्या प्रत्येक पेशीत आई-वडिलांकडून आलेल्या सूचना असतात. कोणतं प्रथिन कधी आणि किती बनवायचं, हे त्या सूचना ठरवतात. अशी एक सूचना म्हणजे एक जनुक, म्हणजेच जीन. उदाहरण घेऊ. अंगात ऑक्सिजन कमी पडला की मूत्रपिंड ईपीओ नावाचं संप्रेरक सोडतं. ते हाडांच्या आतल्या मज्जेला तांबड्या पेशी वाढवायला सांगतं. ज्यांच्या घरात डायलिसिसचा रुग्ण आहे, त्यांना हे नाव ओळखीचं असेल. किडनी निकामी झाली की ईपीओ पुरेसं बनत नाही, रक्त कमी होतं, म्हणून त्याचं इंजेक्शन द्यावं लागतं.

तांबड्या पेशी ऑक्सिजन वाहून नेतात. त्या वाढल्या तर दमही वाढतो. हे कळल्यावर काही सायकलपटू आणि लांब पल्ल्याचे खेळाडू रुग्णांचं हे इंजेक्शन चोरून घेऊ लागले. त्यावर बंदी आली, तपासण्या आल्या. मग पुढचा विचार निघाला: वरचेवर इंजेक्शन घेण्यापेक्षा ईपीओ बनवणारं जनुकच अंगात घातलं तर? यालाच जीन डोपिंग म्हणतात. जागतिक उत्तेजक प्रतिबंधक संस्थेने, म्हणजे 'वाडा'ने, 2003 मध्येच यावर बंदी घातली.

फिनलंडचा खेळाडू

या विचाराला बळ मिळालं ते एका खऱ्या माणसामुळे. एरो मॅन्टीरांता हा फिनलंडचा, बर्फावरून स्कीवर लांब पल्ला कापणारा खेळाडू. 1964 च्या इन्सब्रुक ऑलिम्पिकमध्ये त्याने 15 आणि 30 किलोमीटरची दोन सुवर्णपदकं घेतली. एकूण ऑलिम्पिक पदकं सात. त्याचं हिमोग्लोबिन 20 च्या वर असे. निरोगी पुरुषात ते साधारण 13 ते 17 असतं. हा रक्तात काहीतरी भेसळ करतो, असा संशय लोक घेत.

पुढे शास्त्रज्ञांनी त्याच्या कुटुंबातल्या अनेकांचं रक्त तपासलं आणि 1993 मध्ये कारण जाहीर झालं. या घराण्यात ईपीओचा निरोप घेणाऱ्या जनुकात जन्मतःच बदल होता. निरोप पोचला की काम सुरू होई, पण थांबवणारा ब्रेक नीट लागत नसे.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. तोच बदल घराण्यातल्या इतरांमध्येही होता, पण ते सगळे काही ऑलिम्पिकला गेले नाहीत. जन्माने मिळालेली एक सूचना माणसाचं सगळं ठरवत नाही. वर्षानुवर्षांचा सराव, पोटभर अन्न आणि शिकवणारा माणूस लागतोच.

निसर्गाचा बदल वेगळा, सुईचा वेगळा

मॅन्टीरांताच्या शरीराला त्या रक्ताची जन्मापासून सवय होती. धडधाकट माणसात बाहेरून जनुक घातलं तर काय होतं, याचा अंदाज प्राण्यांवरच्या प्रयोगांतून आला. ईपीओचं जनुक दिलेल्या काही माकडांचं रक्त इतकं दाट झालं, की ते काढून टाकावं लागलं. दाट रक्तात गुठळी होते. ती मेंदूत अडकली तर लकवा, हृदयात अडकली तर झटका. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत काही माकडांचं उलटंच झालं. त्यांच्या शरीराने स्वतःच्याच ईपीओवर हल्ला केला आणि त्यांना तीव्र रक्तक्षय झाला. इंजेक्शनच्या औषधाचा असर काही दिवसांनी उतरतो. जनुक एकदा आत गेलं की ते बंद करणं हातात राहत नाही.

जनुक आत न्यायला बहुतेक वेळा निकामी केलेला विषाणू वापरतात. त्याचाही धोका असतो. 1999 मध्ये अमेरिकेत जेसी गेल्सिंगर हा 18 वर्षांचा मुलगा जनुकोपचाराच्या चाचणीत दगावला. फ्रान्समध्ये जन्मतः प्रतिकारशक्ती नसलेल्या बाळांना जनुकोपचाराने जीवदान मिळालं, पण त्यातल्या काहींना पुढे रक्ताचा कर्करोग झाला. आजार जीवघेणा असेल तर असा धोका डॉक्टर आणि पालक विचार करून पत्करतात. निरोगी पोराने तो 1600 मीटरसाठी का पत्करावा?

तरीही हाव सुटत नाही. एका ब्रिटिश कंपनीने रक्तक्षयाच्या रुग्णांसाठी रेपॉक्सिजन नावाचा जनुकोपचार तयार करायला घेतला होता. तो बाजारात कधी आलाच नाही. पण थॉमस श्प्रिंगश्टाइन या जर्मन प्रशिक्षकाच्या ईमेलमध्ये त्याची विचारणा सापडली. हे 2006 च्या खटल्यात उघड झालं. त्याच्या हाती ते लागल्याचा पुरावा नाही. अल्पवयीन खेळाडूला उत्तेजक दिल्याबद्दल मात्र त्याला शिक्षा झाली.

हे ज्ञान कुणासाठी?

विदर्भातल्या आपल्या अनेक घरांना सिकलसेलच्या वेदना माहीत आहेत. याच जनुकविज्ञानातून सिकलसेलवर उपचार निघाला आहे. कॅसजेव्ही नावाच्या त्या उपचाराला 2023 मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळाली. रुग्णाच्या मज्जेतल्या पेशी बाहेर काढून, त्यांच्यात बदल करून परत देतात. अमेरिकेत त्याची किंमत 22 लाख डॉलर ठेवली गेली. जनुकविज्ञानाचा खरा हक्कदार सिकलसेलने तळमळणारं लेकरू आहे. आपण मागणी करायची ती हा उपचार सरकारी दवाखान्यात यावा याची.

वस्तीत काय करायचं?

• "जीनचं इंजेक्शन", "डीएनए पावडर" असं काही मैदानावर वा जिममध्ये कुणी विकत असेल, तर ते घेऊ नका. असा जनुकोपचार दुकानात मिळत नाही. बाटलीत स्टिरॉइड असू शकतं. त्याने यकृत बिघडतं, रक्तदाब वाढतो आणि मूल होण्यात अडचण येते.

• दम लागत असेल तर आधी हिमोग्लोबिन तपासा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-5 नुसार महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. धावणाऱ्या मुलींची तपासणी तर कराच.

• शाळेत आणि अंगणवाडीत मिळणारी लोहाची निळी गोळी मुलांनी आठवड्यातून एकदा जेवणानंतर घ्यावी, चहासोबत नको. जेवणात डाळ, पालेभाजी, वर लिंबू पिळलेलं. मांसाहार असेल तर कलेजी.

• सिकलसेल किंवा थॅलेसेमियाचा रुग्ण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लोहाची गोळी नको.

• भरतीच्या सरावाआधी सिकलसेलची तपासणी करा. वाहक, म्हणजे एएस असणाऱ्यांना बहुधा त्रास नसतो आणि ते खेळू शकतात. पण कडक उन्हात, पाणी न पिता एकदम जोरात धावल्यास क्वचित जीवावर बेततं. सराव हळूहळू वाढवा, पाणी प्या. पाय जड पडले, स्नायू दुखू लागले की थांबा, आणि प्रशिक्षकाला आपण वाहक आहोत हे आधीच सांगा.

आई-बाबांनो, पोरगा सरावाला जातो तेव्हा त्याच्या पिशवीत काय आहे ते एकदा बघा. सिरिंज दिसली तर मारू नका, ओरडू नका. त्याला घेऊन आरोग्य केंद्रात या. मैदान पुन्हा मिळेल, भरती पुन्हा निघेल. किडनी आणि काळीज पुन्हा मिळत नाही.