गुलाबी शहर, रंगीत गोंदण

जयपूरला गेलेल्या प्रत्येकानं गाइडच्या तोंडून ही गोष्ट ऐकलेली असते. 1876 साली इंग्लंडचे युवराज अल्बर्ट एडवर्ड शहरात येणार होते. त्यांच्या स्वागतासाठी महाराजा सवाई रामसिंह यांनी भिंती गुलाबी रंगवून घेतल्या आणि जयपूर ‘गुलाबी शहर’ झालं. पण त्या पाहुण्याबद्दलची एक गंमत फारशी कुणाला ठाऊक नसते. युवराजांच्या हातावर चक्क गोंदण होतं! 1862 साली जेरुसलेमच्या दौऱ्यात त्यांनी क्रूस गोंदवून घेतला होता.

योगायोग असा की त्याच 1876 साली अमेरिकेत एडिसननं विजेवर चालणाऱ्या लेखणीचं पेटंट घेतलं. ही लेखणी कागदाला बारीक भोकं पाडायची. तिच्यावरून न्यूयॉर्कच्या सॅम्युअल ओरायलीला कल्पना सुचली आणि 1891 मध्ये त्यानं गोंदण्याच्या यंत्राचं पेटंट मिळवलं. आज जयपूरमधल्या टॅटू स्टुडिओत घुरघुरणारं यंत्र याच घराण्यातलं.

या स्टुडिओत येणारी कॉलेजची मुलं फक्त काळा विंचू किंवा स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षर मागत नाहीत. काहींना हवे असतात झगझगीत रंग. भडक लाल ओठ, निळ्या केसांची नायिका, गॉगल लावलेला उंट, चहाचा ग्लास, काडेपेटीवरचा वाघ! जाड काळी रेघ आणि आत सपाट, भरगच्च रंग. या शैलीचं मूळ पॉप आर्टमध्ये आहे.

पॉप आर्ट म्हणजे काय? बाजारात, जाहिरातीत, कॉमिकमध्ये दिसणारं चित्र उचलून त्यालाच कलेचा मान देणं. अँडी वॉरहॉलनं 1962 मध्ये सूपच्या डब्यांची 32 चित्रं मांडली आणि अमेरिकेत खळबळ उडाली. रॉय लिक्टेनस्टाइननं कॉमिकमधले छपाईचे ठिपकेसुद्धा मोठे करून रंगवले. आपल्याकडे हिशेबनिसाचा व्यवसाय सांभाळून चित्रं काढणाऱ्या भूपेन खख्खर यांनी कॅलेंडरवरच्या देवादिकांना आपल्या चित्रांत आणलं. ते जन्मानं मुंबईचे, पण त्यांची कारकीर्द बडोद्यात बहरली.

जयपूरला ही रीत परकी वाटू नये. शहराजवळच्या सांगानेर आणि बगरू या गावांत पिढ्यान्‌पिढ्या कापडावर लाकडी ठशांनी छपाई चालते. तिथे आधी ‘रेख’ म्हणजे बाह्यरेषेचा ठसा उमटवतात, मग दुसऱ्या ठशांनी आतले रंग भरतात. रंगीत टॅटू काढणाराही नेमकं हेच करतो. आधी रेघ, मग भरणी. शिवाय फेटे, लाखेच्या बांगड्या, ट्रकमागची चित्रं, सिनेमाची पोस्टरं! रंगांची शाळा रस्त्यावरच भरलेली असते.

फरक एवढाच की कापड पांढरं असतं, माणसाची कातडी नसते.

खरी परीक्षा इथेच सुरू होते. टॅटूची सुई रंग वरच्या कातडीत ठेवत नाही, त्याखालच्या थरात नेऊन सोडते. आपल्याला सावळेपणा देणारं मेलॅनिन मात्र वरच्या थरात असतं. म्हणजे टॅटूचा रंग आपण एखाद्या तपकिरी काचेतून पाहावा तसा पाहतो. गोऱ्या अमेरिकन दंडावर चमकणारा लिंबाचा पिवळा सावळ्या दंडावर मळकट दिसतो. फिका गुलाबी तर जवळजवळ दिसेनासा होतो. आजीच्या हातावरचं काजळीचं गोंदण काळं न दिसता हिरवट निळं दिसायचं, तेही कातडीखालून दिसत असल्यामुळेच.

म्हणून या शैलीत काम करणाऱ्याचं कौशल्य कोणते रंग वापरले यापेक्षा कोणते सोडले यावर ठरतं. गडद लाल, किरमिजी, दाट निळा, हिरवा हे रंग सावळ्या कातडीवर उठून दिसतात. जाड काळी रेघ त्यांना धरून ठेवते. फिक्या रंगांच्या जागी मोकळी कातडीच ठेवली की तीही चित्रातला एक रंग होऊन जाते. गिऱ्हाइकानं मोबाइलवर दाखवलेलं परदेशी चित्र जसंच्या तसं काढून देणारे पुष्कळ. ‘हा पिवळा तुमच्या हातावर दिसणार नाही’ असं सांगून चित्र बदलून देणारा खरा कलाकार! स्वतःची शैली अशाच नकारांतून घडते. मूळचे मुंबईचे अनिल गुप्ता न्यूयॉर्कमध्ये नावारूपाला आले, ते जगप्रसिद्ध चित्रं टपाल तिकिटाएवढ्या आकारात गोंदून. त्यांनी आकार निवडला, कुणी रंग निवडतो.

मात्र भडक रंगांचा मोह धरण्यापूर्वी घरातल्या वडीलधाऱ्यांनी आणि मुलांनीही काही गोष्टी लक्षात घ्याव्यात. टॅटूतल्या लाल रंगाची अ‍ॅलर्जी सर्वांत जास्त आढळते. युरोपीय संघानं जानेवारी 2022 पासून टॅटूच्या शाईतल्या हजारो रसायनांवर निर्बंध घातले. वर्षभरानंतर त्यात एक निळा आणि एक हिरवा रंगही आला. तेव्हा शाईची बाटली कोणत्या कंपनीची, तिच्यावर घटक आणि मुदत लिहिली आहे का, हे विचारायला लाजू नका. सुई तुमच्यासमोर नव्या पाकिटातून काढलेली हवी. एकाची सुई दुसऱ्याला वापरली तर कावीळ ब आणि क, एचआयव्ही यांचा धोका असतो. जत्रेतल्या स्टॉलवर म्हणूनच हात पुढे करू नये. टॅटू काढल्यावर वर्षभर रक्तदान करता येत नाही. लष्करात जायचं स्वप्न असेल तर आणखी जपावं. तिथे कायमचा टॅटू हाताच्या कोपरापासून मनगटापर्यंतच्या आतल्या बाजूला आणि पंजाच्या पाठीवरच चालतो. आदिवासी उमेदवारांना त्यांच्या परंपरेप्रमाणे सवलत आहे.

आणि पुसायचं म्हटलं तर? लेसरनं काळा रंग त्यातल्या त्यात लवकर जातो, पिवळा आणि फिके रंग चिवट. अनेक बैठका लागतात, सावळ्या कातडीवर डाग राहण्याचीही भीती असते. शरीर स्वतःहून हा रंग सोडत नाही. 2018 मध्ये फ्रेंच संशोधकांनी उंदरांवर प्रयोग करून दाखवलं की रंग गिळून बसलेली पेशी मेली की सुटलेला रंग शेजारची नवी पेशी गिळते. जणू एका पिढीनं दुसरीकडे वारसा सोपवावा!

राजस्थानात गोदना, आपल्याकडे गोंदण. मेल्यावर सोबत येतं ते एवढंच, असं म्हणत जुन्या काळी लहानग्या पोरींचे हात धरून ते काढलं जाई. चित्र कोणतं, दुखेल किती, हे त्यांना कुणी विचारत नसे. आजच्या मुलीला हे सगळं स्वतः ठरवता येतं, अगदी गॉगल लावलेला उंटसुद्धा! आजीला न मिळालेला हा अधिकार आहे. तो वापरताना चार दिवस विचार केला, तर उंट म्हातारपणीही शोभून दिसेल.