साडेसव्वीस किलो चांदी

कल्याण बंदराचं नाव सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाच्या कॉस्मस या व्यापाऱ्याने भारताच्या मोठ्या बाजारपेठांत घेतलं आहे. कॉस्मस बायझंटाइन साम्राज्यातला. त्या साम्राज्याची भिस्त सोन्यावर. चांदीचं जाडजूड नाणं हेराक्लिअस बादशहाने काढलं ते ६१५ साली, इराणशी युद्ध पेटलेलं असताना. वजन साधारण साडेसहा ग्रॅम.

आपल्याकडे मात्र त्याच्या पाचशे वर्षं आधीच चांदी खुळखुळत होती. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभीला क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. मोजदाद झाली सुमारे १३,२५० ची! एकेक नाणं जेमतेम दोन ग्रॅमचं, म्हणजे सगळी मिळून साडेसव्वीस किलो. एवढ्या चांदीत हेराक्लिअसची चार हजार नाणी पडली असती.

त्यातल्या ९,२७० हून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप मारला. दहातली सात नाणी! नहपानाला हरवल्यावर त्याचा पैसा वितळवत न बसता नाण्यांवरच्या त्याच्याच चेहऱ्यावर चैत्य आणि उज्जैन चिन्ह उमटवलं. पुष्कळ नाण्यांत चैत्याच्या कमानींखालून नहपानाचं नाक, केस अजून दिसतात. घणाचा प्रत्येक घाव हाताने. एका नाण्याला अर्धा मिनिट धरलं, तरी या एकाच साठ्याला सत्त्याहत्तर तास लागतात. आणि राज्यभर फिरणाऱ्या नाण्यांपुढे हा साठा म्हणजे चिमूटभर.

या पैशाची किंमत नाशिकच्या पांडवलेण्यांतच कोरलेली आहे. नहपानाचा जावई उषवदात याने कोष्ट्यांच्या एका श्रेणीकडे २,००० कार्षापण ठेवले, दरमहा दरशेकडा एक व्याजाने. वर्षाचे २४० झाले. त्यातून वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी १२. कार्षापण म्हणजे हीच चांदीची नाणी, असं बहुतेक अभ्यासक मानतात. तसं धरलं तर जोगलटेंभीच्या साठ्यात अकराशे भिक्षूंची वर्षाची वस्त्रं झाली असती. त्याच लेखात देवब्राह्मणांना दिलेले ७०,००० कार्षापण नोंदले आहेत, पस्तिसाला एक सुवर्ण (सोन्याचं नाणं) या भावाने २,००० सुवर्ण. म्हणजे एका दानातच जोगलटेंभीचे पाच साठे रिते झाले.

नाशिकला गेलात तर दहाव्या लेण्याच्या ओसरीत थांबा आणि हा ब्राह्मी लेख नक्की बघा. व्याजाचा दर, मुद्दल, वाटप, सगळं तिथे भिंतीवर आहे.