कोंबड्यांचा घातक फ्ल्यू : ओळख आणि प्रतिबंध

शेतीचा जोडधंदा म्हणून कुक्कुटपालनाची आपल्या राज्यात मोठी वाढ झाली आहे. परंतु जेथे एका छपराखाली हजारो पक्षी वाढतात, तेथे एका पक्ष्याचा सांसर्गिक रोग हा पाहता पाहता साऱ्या कळपाचा रोग होतो. २००६ सालच्या फेब्रुवारी महिन्यात नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे या फ्ल्यूची भारतातील पहिली साथ उघडकीस आली. ती आटोक्यात आणण्यासाठी लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या, आणि दूरदूरच्या बाजारांतही कोंबडी व अंडी यांचा खप घसरला. २०२१ च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथेही हा रोग आढळला. म्हणून या रोगाची माहिती प्रत्येक कुक्कुटपालकास असणे अगत्याचे आहे.

रोगाचे कारण व प्रसार

हा रोग इन्फ्लुएंझा गटातील विषाणूमुळे होतो. नवापूरची साथ एच५एन१ या प्रकाराची होती. रानबदके व इतर पाणपक्षी हे अशा विषाणूंचे मूळ आश्रयस्थान होय. आजारी पक्ष्याच्या नाकातोंडातील स्रावातून व विष्ठेतून विषाणू बाहेर पडतो. थंड व ओलसर विष्ठेत तो महिनाभरही टिकू शकतो. एका कोंबडीघरातून दुसऱ्यात तो पुष्कळदा माणसाच्याच हातून जातो. पायताणे, अंड्यांचे ट्रे, खाद्याची पोती, पिंजरे व गाडीची चाके ही त्याची वाहने होत.

लक्षणे

पक्षी मलूल होतात व खाणे सोडतात. खोकला, शिंका व नाकातून स्राव दिसतो. डोके व पापण्या सुजतात, तुरा निळसर पडतो, अंडी एकाएकी घटतात किंवा मऊ कवचाची येतात. कित्येकदा कोणतेही लक्षण न दिसता पक्षी भराभर मरतात. मानमोडी रोगातही अशीच काही लक्षणे दिसतात. म्हणून नुसत्या पाहण्यावरून निर्णय करू नये. निदान भोपाळ येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेत होते. मानमोडीच्या लसीने या रोगापासून संरक्षण मिळत नाही, आणि लागण झालेल्या कोंबडीस बरे करणारे औषधही नाही.

प्रतिबंधक उपाय

१. कोंबडीघरास बारीक जाळी बसवावी. खाद्य व पाणी रानपक्ष्यांपासून झाकून ठेवावे.
२. दाराशी जंतुनाशक द्रावणाचे उथळ भांडे ठेवावे. आतील पायताणे निराळी असावीत.
३. बाहेरची माणसे व वाहने आत येऊ देऊ नयेत.
४. नवे पक्षी तीन आठवडे वेगळे ठेवावेत.
५. कोंबड्या, बदके व डुकरे एकत्र पाळू नयेत.
६. काम संपताच साबणाने हात धुवावेत. साबणाने हा विषाणू नाश पावतो.

संशय आल्यास

मेलेले पक्षी ओढ्यात वा उकिरड्यावर टाकू नयेत व उघड्या हाताने हाताळू नयेत. उरलेले पक्षी घाईने विकणे हा तर सर्वांत घातक मार्ग होय. त्याने चार पैसे हाती येतील, पण रोग पंचक्रोशीत पोहोचेल. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास ताबडतोब कळवावे. २००९ च्या कायद्यान्वये अशी वर्दी देणे मालकाचे कर्तव्य आहे. त्यात त्याचे हितही आहे : शासनाने नष्ट केलेल्या पक्ष्यांची भरपाई मिळते, आधीच रोगाने मेलेल्यांची मिळत नाही.

माणसाची काळजी

माणसास ही लागण क्वचितच होते, परंतु ती गंभीर असते. १९९७ साली हाँगकाँगमध्ये १८ जणांना लागण होऊन ६ जण दगावले. आजारी पक्ष्यांजवळ काम करताना नाकतोंड झाकावे, हातमोजे वापरावेत व मुलांस दूर ठेवावे. त्यानंतर ताप अथवा खोकला आल्यास डॉक्टरांस पक्ष्यांच्या संपर्काची माहिती द्यावी. निरोगी पक्ष्याचे मांस व अंडी पूर्ण शिजवून खाण्यास मात्र भय नाही. ७० अंश सेल्सिअस उष्णता आतपर्यंत पोहोचली की विषाणू मरतो.

रोग लपविल्याने एकाचे नुकसान साऱ्या गावाचे होते. वेळेवर दिलेली वर्दी व नित्याची स्वच्छता यांतच कुक्कुटपालकाचे व त्याच्या शेजाऱ्याचेही संरक्षण आहे.