कुत्र्याला चाकांची गाडी

कुत्रे मागच्या पायांनी लुळे पडले, तर त्याला दोन चाकांची छोटी गाडी जोडता येते. पुढचे दोन पाय कुत्र्याचे, मागे दोन चाके. अशी गाडी रस्त्यात दिसली की माणसे थांबून पाहतात. कुणी म्हणतो, "केवढी ही दया!" कुणी म्हणतो, "माणसाला खुर्ची मिळत नाही, आणि कुत्र्याला गाडी!" दोन्ही बोलणी जरा बाजूला ठेवू या. या गाडीने कुत्र्याला खरोखर सुख होते का, ते पाहू या.

मुंबईत माझगाव म्हणून भाग आहे. गोदीच्या जवळचा. आपल्या गावची किती तरी माणसे पोटासाठी गोदीत राबली. तिथल्या रस्त्यांवर मालाचे ट्रक धावतात आणि त्याच रस्त्यांवर कुत्रीही असतात. ट्रकचा धक्का लागला की कुत्र्याचा कणा मोडतो. डोक्याचा निरोप पायांना नेणारी एक दोरी कण्यातून जाते. तिला मज्जारज्जू म्हणतात. ती दुखावली की पाय धड असूनही हलत नाहीत. आता आपल्या गावालाही डांबरी सडक आली आहे. तेव्हा ही गोष्ट काही मुंबईचीच राहिली नाही.

पण कुत्रे लुळे पडले म्हणजे अपघातच झाला, असे धरून चालू नका. पिसाळण्याच्या रोगातही कधी कधी आधी मागचे पाय लटपटतात. मग जबडा लोंबतो, लाळ गळते, आवाज बदलतो. असे कुत्रे अंगावर येतेच असे नाही. ते मुकाट पडून राहते, आणि माणूस दयेने जवळ जातो. तसे करू नका. अनोळखी लुळ्या कुत्र्याला उघड्या हाताने शिवू नका. चावले, ओरबाडले किंवा त्याची लाळ जखमेला लागली, तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे जखम धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस घ्या. हा रोग एकदा अंगात उठला की जवळजवळ कुणीच वाचत नाही.

माझगावच्या माणसाला डॉक्टर शोधायला लांब जावे लागत नाही. परळला जनावरांचे मोठे इस्पितळ आहे. दिनशा माणेकजी पेटिट या पारशी गिरणीमालकांनी त्याला जागा दिली आणि आपल्या पत्नीचे, बाई साकरबाईंचे, नाव दिले. ही गोष्ट १८८३ सालची. त्या काळी मुंबईत ट्रामसुद्धा घोडेच ओढीत. म्हणून लोक त्याला 'बैलघोडा हॉस्पिटल' म्हणू लागले. नाव तेच राहिले, पण आता तेथे कुत्री-मांजरेही आणतात. आपल्याकडे तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावे.

डॉक्टर कुत्र्याच्या पायाचे बोट चिमट्याने दाबून पाहतात. नुसता पाय आखडला, एवढ्याने काही कळत नाही. कुत्रे मान वळवते का, केकाटते का, हे पाहतात. वेदना कळत असेल, तर ते पुन्हा चालण्याची बरीच आशा असते. मग औषध आणि सक्तीची विश्रांती देतात, कधी शस्त्रक्रियाही करतात. अशा वेळी घाईने गाडी जोडली, तर दुखावलेला कणा आणखी दुखावतो. आणि एकच पाय गेला असेल, तर गाडीची गरजच नसते. तीन पायांवर कुत्रे छान पळते.

गाडी कुणाला द्यावी? ज्याचे पुढचे पाय आणि खांदे बळकट आहेत, वेदना थांबली आहे, जे पोटभर खाते आणि माणूस दिसला की पुढे येऊ पाहते, त्याला. गाडीची बनावट साधी आहे. हलक्या नळ्यांची चौकट, दोन चाके, छातीला आणि पोटाला मऊ पट्टे. पाठ सरळ राहिली पाहिजे. पाय थोडे हलत असतील तर ते जमिनीला टेकू द्यावेत. अगदीच गेले असतील तर झोळीत उचलून धरावेत. पहिल्या दिवशी पाच-दहा मिनिटे पुरे.

आता खरी मेहनत. गाडीत कुत्र्याला नीट निजता येत नाही. म्हणून त्याला गाडीत घालायला आणि काढायला माणूस लागतो. पुष्कळ लुळ्या कुत्र्यांना लघवीही आपली आपण होत नाही. डॉक्टर शिकवतात तसे पोट दाबून ती दिवसातून दोन-तीन वेळा काढावी लागते. ती तुंबली की आत रोग होतो. अंग ओले राहिले, एका कुशीवर पडून राहिले, की जखमा होतात. जखमेवर माशी बसली की किडे पडतात. म्हणून कूस बदलावी, खाली जाड गोधडी घालावी, रोज सगळे अंग तपासावे.

म्हणून आमचे मत असे आहे. घरचे कुत्रे असेल आणि करणारे हात असतील, तर गाडी जरूर द्यावी. बेवारशी कुत्र्याला गाडी बांधून रस्त्यावर सोडणे मात्र आम्हांला पटत नाही. चाक गटारात अडकले तर ते सुटत नाही, ट्रक आला तर चट्कन बाजूला होता येत नाही. त्याला आधी आसरा पाहावा, गाडी नंतर.

काही वेळा वेदना थांबतच नाहीत, कुत्रे अन्नाला तोंड लावत नाही. तेव्हा डॉक्टर सुई देऊन शांतपणे मरण देण्याचा सल्ला देतात. तो मानला तर धनी निर्दय ठरत नाही.

गाडी घेण्याआधी कुत्र्याचे माप नीट घ्यावे. पेचांनी कमीजास्त होणारी गाडी मिळाली तर तीच घ्यावी. ते कुत्रे गेल्यावर ती त्याच अंगाच्या दुसऱ्या कुत्र्याला लावता येते.